टकटक यंत्राची, चिंता आरोग्याची

नाशिकला जुन्या वस्तू जमवणाऱ्यांची वाण नाही. अंजनेरीला १९८० पासून नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, त्यामुळे नाण्यांचा नाद असलेली माणसे तर इथे बरीच भेटतात. कोणी जुनी घड्याळे जमवतो, कोणी व्हॉल्व्हचे रेडिओ, तर कोणी कॅमेरे. अलीकडे या छंदात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. १९५० च्या दशकात युरेनियम शोधण्यासाठी अमेरिकेत जी किरणोत्सर्ग मोजण्याची यंत्रे बनवली गेली, ती आता इंटरनेटवरून घरपोच मिळू लागली आहेत. पत्र्याची जड पेटी, वर पकडायला मूठ, एक काटा आणि कानाला लावायचा हेडफोन, असे त्यांचे रूप असते. सामान्य बोलीत याला गायगर काउंटर म्हणतात.

हे यंत्र कपाटात शोभेला ठेवले तर डॉक्टरांनी त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेल्या पावसाळ्यात गंगापूर रोडवरच्या माझ्या दवाखान्यात एक संपूर्ण कुटुंब आले. त्यांच्या मुलाने असे यंत्र मागवले आणि घरभर फिरवून पाहिले. स्वयंपाकघरात टकटक, गच्चीवर टकटक आणि आजींच्या खोलीतही टकटक. आजींना वर्षापूर्वी थायरॉइडची गाठ निघाली होती. झाले, घरात किरणोत्सर्ग आहे आणि गाठ त्यानेच झाली, असा निष्कर्ष निघाला. "डॉक्टर, फ्लॅट विकून टाकू का?" हा प्रश्न यजमानांनी अगदी गंभीरपणे विचारला.

फ्लॅट विकू नका, असे मी त्यांना तेव्हाच सांगितले. पण का विकू नये, हे सर्वांनाच कळावे म्हणून हा लेखप्रपंच. माझे मत थोडक्यात असे की या यंत्राची टकटक ऐकून घाबरू नये, आणि ते गप्प राहिले म्हणून निर्धास्तही होऊ नये. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

हे यंत्र कशासाठी बनले?

हान्स गायगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ साली रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत या यंत्राची पहिली आवृत्ती तयार केली. पुढे १९२८ साली म्युलर या आपल्या विद्यार्थ्याबरोबर त्याने ती सुधारली. रचना सोपी आहे. एका बंद नळीत विशिष्ट वायू असतो आणि मधोमध एक तार असते. तारेला बराच जास्त विद्युतदाब दिलेला असतो. किरणोत्सर्गाचा एखादा कण किंवा किरण नळीत शिरला की क्षणभर वीज वाहते आणि 'टक' असा आवाज होतो. एक टक म्हणजे एक नोंद. १९५० च्या दशकात याहून संवेदनशील यंत्रेही आली. त्यांत नळीऐवजी सोडियम आयोडाइडचा स्फटिक असतो आणि किरण पडला की तो स्फटिक क्षणभर चमकतो.

अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९४८ साली उत्तम प्रतीचे युरेनियम शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. मग काय, शेतकरी, दुकानदार, पेन्शनर सगळेच पेट्या घेऊन डोंगरात हिंडू लागले. गंमत अशी की त्या काळातील सर्वांत गाजलेला शोध लावणारा चार्ली स्टीन याची गायगर काउंटर विकत घेण्याचीही ऐपत नव्हती. १९५२ साली त्याने जमिनीतून काढलेला काळा दगड एका पेट्रोल पंपवाल्याच्या यंत्रावर तपासला गेला आणि स्टीन रातोरात श्रीमंत झाला.

आपल्या देशात हा शोध सरकारनेच हाती घेतला. १९४९ साली दुर्मिळ खनिजांच्या पाहणीसाठी वेगळा विभाग निघाला. १९५१ साली आजच्या झारखंडमधील जादुगुडा येथे युरेनियम सापडले आणि १९६७ साली तिथे खाणीचे काम सुरू झाले. त्या विभागाचे आजचे रूप म्हणजे हैदराबादचे परमाणु खनिज संचालनालय. त्याचे एक प्रादेशिक कार्यालय आपल्या नागपुरात आहे.

अशा शोधात यंत्राला एकच काम होते. इथला खडक तिथल्या खडकापेक्षा थोडा जास्त किरणोत्सर्गी आहे का, एवढे सांगायचे. म्हणजे अगदी सूक्ष्म फरक ओळखायचा. सोनाराचा तराजू गुंजभर सोने अचूक तोलतो, पण त्यात बाजरीचे पोते ठेवले तर तराजूच मोडेल. ही यंत्रे सोनाराच्या तराजूसारखी आहेत. माणसाच्या प्रकृतीला किती अपाय झाला, हे तोलण्यासाठी ती बनलेली नाहीत.

टकटक म्हणजे आजार नव्हे

किरणोत्सर्ग नाही अशी जागा पृथ्वीवर नाही. आकाशातून विश्वकिरण येतात. माती, विटा, ग्रॅनाइटची फरशी यांत थोडे युरेनियम आणि थोरियम असतेच. आपल्या शरीरातील पोटॅशियमचा एक लहानसा अंश किरणोत्सर्गी असतो. केळी, बटाटा, नारळपाणी यांतून तो येतो आणि लघवीवाटे जातो. निसर्गाकडून माणसाला वर्षाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट धरली जाते. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. पोटाच्या सीटी स्कॅनची मात्र ८ ते १० मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. म्हणून माझ्याकडे "डॉक्टर, एकदा सगळ्या अंगाचा सीटी काढून टाकू या" म्हणणाऱ्यांना मी थांबवतो. गरज असेल तर सीटी जरूर काढावा, हौस म्हणून काढू नये.

त्यातही नाशिककर सुदैवी आहेत. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा आहे, त्या बेसॉल्टमध्ये युरेनियम आणि थोरियम दोन्ही कमी असतात. याउलट केरळच्या करुनागपल्ली भागातील किनाऱ्याची वाळू थोरियमने समृद्ध आहे. तिथल्या काही घरांत नैसर्गिक किरणोत्सर्ग आपल्यापेक्षा कितीतरी पट आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कॅन्सर केंद्राने तिथल्या सुमारे ७० हजार लोकांची सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ पाहणी केली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे कॅन्सरचे प्रमाण वाढल्याचे त्यात आढळले नाही. तेव्हा गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधील चार टकटकींनी आजींना गाठ झाली, असे म्हणायला काहीही आधार नाही. थायरॉइडच्या गाठी बायकांमध्ये अतिशय सामान्य आहेत आणि त्यांतील बहुतेक साध्याच असतात.

शिवाय यंत्राचे वय लक्षात घ्या. सत्तर वर्षांच्या माणसाची आपण नाडी, साखर, रक्तदाब तपासतो. सत्तर वर्षांच्या यंत्राचे कोणी काही तपासत नाही. नळीतील वायू बिघडलेला असतो. सोडियम आयोडाइडचा स्फटिक मिठासारखा ओल धरतो आणि पिवळा पडतो. मूळ बॅटऱ्या आता बनत नाहीत, म्हणून कोणीतरी जुगाड केलेला असतो. अशा यंत्राचा काटा कुठे थांबला यावरून आरोग्याचा निर्णय घेणे म्हणजे फुटक्या थर्मामीटरने ताप पाहण्यासारखे आहे.

काही वेळा तर धोका यंत्रातच असतो. जुन्या काही यंत्रांबरोबर तपासणीसाठी युरेनियमच्या खनिजाचा तुकडा दिलेला असे, तर काहींच्या तबकडीवर रेडियमचा रंग असे. आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटला चमकणारी पट्टी लावणाऱ्याच्या दुकानावर 'रेडियम' अशी पाटी असते. त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसते. पण जुन्या लष्करी उपकरणांच्या आणि जुन्या घड्याळांच्या तबकड्यांत ते खरोखर असे. रंग आता चमकत नाही म्हणून रेडियम संपले, असे समजू नये. चमक देणारे रसायन थकते, रेडियम मात्र निम्मे व्हायला १६०० वर्षे लागतात. अशी तबकडी बंद काचेआड असेल तर फारसे बिघडत नाही. हौसेने उघडून, खरवडून ती नवी करू पाहिली तर धूळ नाकातोंडात जाते, आणि ते वाईट.

आजोबांच्या काळातल्या लग्नाच्या वरातीतील गॅसबत्त्या आठवा. त्यांच्या मँटलमध्ये थोरियम असे. ट्रॉम्बेला १९५५ साली थोरियमचा कारखाना निघाला, त्याचा माल या मँटलसाठी जात असे. माळ्यावर असा जुना मँटल सापडला आणि त्याच्याजवळ यंत्र तडतडले, तर घाबरायचे कारण नाही. त्याची राख फुंकू नये, मुलांच्या हाती देऊ नये, इतकेच.

शांतता म्हणजे सुरक्षितता नव्हे

आता दुसरा भाग. १९८७ सालच्या सप्टेंबर महिन्यात ब्राझीलमधील गोयानिया या शहरात एका सोडून दिलेल्या रेडिओथेरपी केंद्रातून दोघांनी एक जड भाग काढला आणि भंगारवाल्याला विकला. त्यात सीझियम-१३७ होते. फोडल्यावर त्याची पूड रात्री निळी चमकू लागली. भंगारवाल्याने कौतुकाने ती घरात नेली, मित्रांना आणि नातेवाइकांना वाटली. सहा वर्षांच्या एका मुलीने ती अंगाला लावली आणि त्याच हातांनी जेवली.

लोकांना उलट्या होऊ लागल्या. हात सुजले, कातडी भाजल्यासारखी झाली. डॉक्टरांनी काय निदान केले? पहिल्या रुग्णाला शिळ्या अन्नाची ॲलर्जी झाली असे सांगण्यात आले. इतरांना उष्ण प्रदेशातील आजारांच्या इस्पितळात पाठवले गेले. आपल्याकडच्या कोणत्याही डॉक्टरने हेच केले असते. उलटी-जुलाब घेऊन रोज कितीतरी रुग्ण येतात, त्यातल्या कुणाचा किरणोत्सर्गाशी संबंध असेल असे कुणाच्या मनात येणार?

शंका आली ती भंगारवाल्याच्या पत्नीला. ही वस्तू घरात आल्यापासून सगळे आजारी पडतात, हे त्या शाळा-कॉलेजात विज्ञान न शिकलेल्या बाईने ओळखले. पिशवीत ती वस्तू भरून, बसने प्रवास करून, तिने ती आरोग्य खात्याच्या कार्यालयात डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी एका वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाला बोलावले गेले. त्याने शहरातील अणुइंधनाच्या कार्यालयातून एक मापक उसना आणला. तो होता भूगर्भातील खनिजे शोधण्याचा, म्हणजे आपण ज्याविषयी बोलत आहोत त्याच जातीचा.

कार्यालय अजून दूर असतानाच त्याने यंत्र सुरू केले आणि काटा एकदम टोकाला जाऊन अडकला. यंत्र कोणत्याही दिशेला वळवा, काटा हलेना. त्याला वाटले, यंत्र बिघडले. तो परत गेला आणि दुसरे आणले. दुसऱ्याचाही काटा टोकाला गेला, तेव्हा त्याला खरा प्रकार कळला. तोवर अग्निशामक दलाचे लोक ती वस्तू नदीत टाकायच्या बेतात होते. हा शास्त्रज्ञ वेळेवर पोहोचला म्हणून ते टळले. पुढे १ लाख १२ हजार लोकांची तपासणी झाली, २४९ जणांना लागण झालेली आढळली आणि ४ जण दगावले. त्यांत ती मुलगी होती, आणि ती वस्तू उचलून आणणारी बाईही होती.

सोनाराच्या तराजूत पोते ठेवल्यावर काय होते ते इथे दिसले. या माणसाचे यंत्र निदान टोकाला तरी गेले. काही जुन्या गायगर नळ्यांची तऱ्हा याहून वाईट असते. किरणोत्सर्ग फारच प्रखर असेल तर नळीला दोन नोंदींमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळत नाही, आणि काटा शून्यावर येऊन बसतो. जिथे क्षणभरही थांबू नये अशा ठिकाणी यंत्र गप्प! म्हणून शून्य दिसले की सुरक्षित, हे समीकरण डोक्यातून काढून टाका.

असा प्रकार आपल्याही देशात घडला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. २०१० साली ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. तुकडे निरनिराळ्या दुकानांत गेले. एकाने तर तुकडा पाकिटात घालून खिशात ठेवला. सात जणांना इस्पितळात ठेवावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. मायापुरीत एखाद्या दुकानदाराकडे गायगर काउंटर असता तरी तो कोणी सुरू केला असता? चूक झाली होती ती विद्यापीठाच्या जडवस्तूंच्या नोंदवहीत. आपल्याकडे काय आहे आणि ते कुठे चालले आहे, याची नोंद कोणी पाहिली नाही.

भीतीचा धंदा

अज्ञान असते तिथे धंदा सुरू होतो. वीज पडलेले तांब्याचे भांडे तांदूळ ओढून घेते, त्यात इरिडियम असते, परदेशी संस्था त्याला कोट्यवधी रुपये देते, अशी थाप मारणारे 'राइस पुलर'वाले आपल्या वाचकांना ठाऊक असतील. २०१८ साली दिल्ली पोलिसांनी अशा एका बापलेकांना पकडले. किरणोत्सर्गापासून बचावाचे म्हणून खोटे पोशाख घालून ते 'चाचणी' करत आणि चाचणीच्या नावाखाली पैसे उकळत. अशा नाटकात टकटक करणारी जुनी पेटी फार शोभून दिसते. कोणी तुमच्या भांड्याजवळ ती वाजवून दाखवली, तर हात जोडून त्याला वाटेला लावा.

युरेनियमच्या खऱ्या पकडण्याच्या घटनाही महाराष्ट्रात झाल्या आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी जवळपास ९ किलो क्षीण युरेनियम जप्त केले. मे २०२१ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत ७ किलो १०० ग्रॅम नैसर्गिक युरेनियम पकडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याची खात्री केली. त्याची किंमत २१ कोटी रुपयांहून अधिक सांगण्यात आली. किमतीचे आकडे वाचून कोणाच्या तोंडाला पाणी सुटू नये. युरेनियमचे बहुतेक किरण कातडीच्या आत जात नाहीत हे खरे, पण त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात गेली तर मूत्रपिंडाला आणि फुप्फुसाला इजा होते. शिवाय परवान्याशिवाय ते जवळ बाळगणे गुन्हा आहे.

एक प्रकार मात्र थेट आरोग्याचा आहे. 'निगेटिव्ह आयन', 'क्वांटम एनर्जी' अशा नावांनी गळ्यात घालायचे बिल्ले विकले जातात. मोबाइलच्या लहरींपासून संरक्षण, सांधेदुखीवर गुण, असे त्यांचे दावे असतात. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने अशा दहा वस्तू तपासल्या आणि त्या किरणोत्सर्गी असल्याचे सांगून वापरू नका, असा इशारा दिला. म्हणजे मोबाइलच्या ज्या लहरींनी गायगर काउंटर एकदाही टक करत नाही, त्यांच्या भीतीने माणूस खरा किरणोत्सर्गी पदार्थ रात्रंदिवस छातीवर बाळगणार! असे बिल्ले लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या गळ्यात तर मुळीच घालू नयेत.

याउलट ज्याची उगाच भीती घेतली जाते ते आपल्याच जिल्ह्यात आहे. लासलगावला २००२ पासून कोबाल्ट-६० वापरून शेतमालावर किरणांची प्रक्रिया करणारे केंद्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ते उभे राहिले आणि २००७ साली अमेरिकेला जाणाऱ्या हापूसवरही तिथे प्रक्रिया झाली. असा कांदा किंवा आंबा किरणोत्सर्गी होत नाही. उन्हात वाळवलेले पापड रात्री ऊन देत नाहीत, तसेच हे आहे.

करावे काय?

नाशिकमध्ये अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहती आहेत आणि लिंक रोडच्या भंगार बाजाराशी नाशिककरांची जुनी ओळख आहे. टाक्या, पाइप आणि मोठे ओतकाम तपासण्यासाठी उद्योगात इरिडियमसारखे किरणोत्सर्गी स्रोत जागोजागी वापरले जातात. नियम कडक आहेत, अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे. पण नियमाची शेवटची कडी म्हणजे भंगारवाला आणि त्याला तपासणारा डॉक्टर. त्या दोघांपर्यंत काहीच पोहोचलेले नाही. माझ्या मते चार गोष्टी व्हायला हव्यात.

एक, जिल्हा रुग्णालयात प्रखर किरणोत्सर्गही मोजू शकेल असा आधुनिक मापक असावा, ठरावीक मुदतीने त्याची तपासणी व्हावी आणि तो चालवणारा माणूस शिकवलेला असावा. सोनोग्राफी यंत्राच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

दोन, कॉलेज, इस्पितळे आणि कारखाने यांनी जुनी उपकरणे लिलावात काढण्यापूर्वी त्यांत किरणोत्सर्गी स्रोत नाही, असे लेखी प्रमाणपत्र जोडावे. प्राचार्यांनी या आठवड्यात एकदा प्रयोगशाळेच्या अडगळीच्या खोलीत डोकावावे.

तीन, माझ्या व्यवसायबंधूंना विनंती. भाजल्यासारखी जखम आहे पण भाजल्याचे आठवत नाही, काही दिवसांपूर्वी उलट्या झाल्या होत्या आणि आता केस गळत आहेत, असा रुग्ण आला तर एक प्रश्न विचारा : "धातूच्या भंगारात काम करता का? काही चमकदार वस्तू सापडली होती का? घरात आणखी कोणी आजारी आहे का?" साधी सीबीसी करा. त्यात लिम्फोसाइट फार कमी दिसले तर थांबू नका, पुढे कळवा.

चार, भंगार व्यावसायिकांना दोन चिन्हे दाखवून ठेवावीत. पिवळ्या पाटीवरचे तीन पाकळ्यांचे चिन्ह, आणि २००७ साली आलेला लाल त्रिकोण, ज्यात कवटी व पळणारा माणूस असतो. त्याबरोबर एवढेही सांगावे की आकाराच्या मानाने फार जड, शिशाने मढवलेली, विनाकारण कोमट लागणारी किंवा अंधारात चमकणारी वस्तू फोडू नये. लांब जावे, इतरांना लांब ठेवावे आणि ११२ वर फोन करावा. पिशवीत घालून ती डॉक्टरकडे किंवा पोलीस ठाण्यात नेऊ नये.

ज्यांच्याकडे जुना गायगर काउंटर आहे त्यांनी तो खुशाल जपावा. विज्ञानाच्या इतिहासातील ती सुंदर वस्तू आहे. फक्त तबकडी उघडू नका, सोबत खनिजाचा तुकडा असेल तर मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि त्या काट्यावरून कोणाचे निदान करू नका. घरात कोणाला गाठ, ताप किंवा अशक्तपणा असेल तर आधी डॉक्टरकडे जा. या विषयावरील वाचकांच्या शंका लेखी आल्या तर पुढील एखाद्या अंकात जरूर उत्तरे देईन.